लेबलाचे चार कोपरे

तंजावूर, मेलवीदी
२० नोव्हेंबर २०२३

प्रिय हरी,

पाकीट कचऱ्यात टाकलं असशील तर आधी ते उचल आणि वरचा तुझा पत्ता पुन्हा बघ. तो मोर, ती कोलमच्या रांगोळीची वेल, तुझ्या नावाखालचं ते वळणदार शेपूट, सगळं मी केलंय. हाताने नाही, कॉम्प्युटरवर! कीर्तनाने चेन्नैला नोकरीवर जाताना तिचा जुना लॅपटॉप माझ्या गळ्यात मारला, तेव्हापासून मी वर्डमध्ये लेबलं करायला शिकतेय. या वयात माणसं काशीला जातात आणि ही बाई चौकटी आखत बसलीय, असं आमचे हे म्हणतात. म्हणू देत.

कारण सांगते. धाकटीचं, कीर्तनाचं लग्न ठरलं! मुलगा कोइंबतूरचा, आपल्यातलाच. घरात मराठी बोलतात, म्हणजे आपल्यासारखीच, अर्धी तमिळ घालून. लग्न पोंगलनंतर, तै महिन्यात, इथेच. गावातल्या लोकांना मी कुंकू-अक्षता घेऊन घरोघर जाऊन बोलावणार, पण बाहेरगावचे लोक कितीतरी आहेत, त्यांना पत्रिका पोस्टाने. थोरलीच्या लग्नात ते पत्ते ह्यांनी हाताने लिहिले आणि ह्यांच्या अक्षराच्या कृपेने मन्नारगुडीची पत्रिका मदुरैला गेली. या वेळी प्रत्येक पाकिटावर छापलेलं, नटलेलं लेबल. पाकीट हातात घेतल्याबरोबर माणसाला कळलं पाहिजे की या घरात आनंद आहे.

आता जे खरं लिहायचं ते. अण्णा.

थोरलीच्या लग्नाला तू नव्हतीस, म्हणून सगळं सांगते. माळा घालताना मामाने नवरीला खांद्यावर उचलायचं, ही इथली रीत. अण्णाची कंबर तेव्हा धरलेली होती. आदल्या दिवशी त्याला पाटावरून दोघांनी धरून उठवलं होतं. मी मांडवात एवढंच म्हटलं, "अण्णा, तू राह्य, रघुराम उचलेल." आपल्या आतेभावाने, रघुरामने उचललं, काम झालं. पण अण्णा जेवायच्या आधी उठला, धनलक्ष्मी वैनीला घेऊन बसने गावी गेला, तो आजतागायत माझ्या उंबऱ्यात आला नाही. दहा-अकरा वर्षं झाली. त्याचं म्हणणं, भर मांडवात मी त्याला म्हातारा केलं. आता तूच सांग, मी त्याच्या कमरेसाठीच बोलले ना?

कीर्तनाला सख्खा मामा एकच. ती म्हणते, "अम्मा, मामा येत नसेल तर मला कोणीच उचलू नका, मी स्टुलावर उभी राहते." हसत म्हणते, पण मला तिचा चेहरा दिसतो. हरी, लग्नाची दुसरी कसलीच काळजी मला नाही. अण्णा यावा, बस.

लेबल कसं वाटलं ते सविस्तर लिही. फोनवर नुसतं "छान" म्हणून सुटू नकोस. जन्मभर छापखान्यात डीटीपी केलेली तू, कागद हातात घेतल्याशिवाय तुला काही दिसत नाही, म्हणून तर पोस्टाने पाठवतेय.

तुझी वासुकी


सांगली
२९ नोव्हेंबर २०२३

वासुकी,

तुझा मोर पोहोचला. तो घेऊन आलेला पोस्टमन मला विचारतो, "काकू, पिनकोड या पक्ष्याच्या पोटात गेलाय का?" शेवटचे तीन आकडे मोराने गिळले होते. सोलापूर फिरून पाकीट आलं. म्हणजे मन्नारगुडी-मदुरैचा तुझा नवरा परवडला.

कीर्तनाच्या लग्नाचं वाचून मी एकटीच स्वयंपाकघरात टाळ्या वाजवल्या. तिला माझे दोन गालगुच्चे.

आता कामाचं. लेबल ही नवरी नव्हे, ती करवली आहे. तिने नटावं, पण नवरीला झाकू नये. नाव आणि पत्ता ठळक ठेव, मोर एकच, डावीकडे, लहानसा. आणि त्याला "अक्षरांच्या मागे" असं बसव, नाहीतर तू एक ओळ वाढवलीस की तो उडून शेजारच्या चौकटीत जाईल. एक चौकट मनासारखी झाली की मग सगळे पत्ते वेगळ्या फाइलीत ओळीने भर आणि मेल मर्ज कर. पत्ते आपापल्या चौकटीत जाऊन बसतात, पंगतीत पाहुणे बसावेत तसे. आमच्या छापखान्यात पहिल्यांदा ते झालं तेव्हा मालकांनी सगळ्यांना भजी खिलवली होती.

कोपऱ्यांना हळद म्हणून तू जो पिवळा भरलायस तो कागदावर दिसतच नाही. काविळीसारखा वाटतो. त्याऐवजी चारही कोपऱ्यांत दाट कुंकवाचा रंग भर, चांगला ठसठशीत. लांबून ओळखू आलं पाहिजे.

अण्णाचं. अगं, तो माझाही भाऊ. आपण तिघं एका घरात वाढलो, चुलत म्हणजे काय हे मला सांगलीला सून म्हणून आल्यावर कळलं. रथ बघायला त्याने मला खांद्यावर घेतलं होतं, तुला नाही, तू जड होतीस. त्याची कंबर दुखत होती हे त्याला ठाऊक होतंच. तुला ठाऊक आहे हे चारचौघांत कळायला नको होतं. पत्रिकेची वाट बघू नकोस. ताट घेऊन गावी जा आणि तोंडाने बोलाव.

हरिप्रिया


तंजावूर
१४ डिसेंबर २०२३

प्रिय हरी,

मार्गळी महिना लागायच्या आत जाऊन आले. अशुभ महिन्यात बोलावलं असं आणखी एक खुसपट त्याला मिळायला नको.

तिरुवैयारूच्या पुढे बस रिकामीच असते. कालवा काठोकाठ, दोन्हीकडे हिरवंगार भात. ताट मांडीवर घेऊन बसले होते. नारळ, विड्याची पानं, कुंकू, वैनीला साडी, त्याला नेसायला वेष्टी. बसमधून उतरले तर अण्णा समोर बांधावर! त्याने मला पाहिलं, मी त्याला पाहिलं. आणि हा सत्तरी ओलांडलेला माणूस वळला आणि तरातरा नारळीच्या बागेत शिरला. कमरेला काही झालेलं दिसलं नाही.

वैनीने पायावर पाणी घातलं, टंबलरभर कॉफी दिली. मी बसले. दुसरी कॉफी झाली. वैनी मागल्या दाराने बागेत जाऊन निरोप घेऊन आली. निरोप काय, तर "रघुराम अहे नव्हं उचलायला?" मी म्हटलं, "त्यांस सांग, रघुरामाचे आतां दोन्ही गुडघे गेले." वैनी पुन्हा गेली. परत आली ती हसत, पण उत्तर काही नव्हतं. वैनी तरी किती फेऱ्या घालणार! ताट देवासमोर ठेवून मी निघाले.

बस वळली तेव्हा मी मागे पाहिलं. तो बागेतून बाहेर येऊन रस्त्यावर उभा होता आणि बसकडे बघत होता. हरी, मला रडू आलं. कंडक्टरने विचारलं, "काय झालं, अम्मा, स्टॉप चुकला का?" मी होच म्हटलं.

घरी आल्यावर लॅपटॉप उघडला. बाकी सगळ्यांना मोर, पण अण्णाचं लेबल मी वेगळं केलंय. नावाच्या दोन्ही बाजूंना नारळाचं झाड. तोंडाने जे जमलं नाही ते झाडाने जमलं तर बघू. सोबत नमुना जोडलाय, कुंकवाचे कोपरे त्यावर चांगले उठले आहेत, लांबून ओळखू येतात. मेल मर्जही जमलं! पहिल्या खेपेला सगळ्या चौकटींत कुंभकोणमच्या शेषगिरीचंच नाव आलं. पानभर शेषगिरी. दुसऱ्या खेपेला पाहुणे आपापल्या पाटावर बसले आणि मी ह्यांना उठवून दाखवलं. भजी काही मिळाली नाहीत.

तुझी वासुकी


सांगली
२४ डिसेंबर २०२३

वासुकी,

नारळ सुंदर. फक्त खोड जरा सरळ कर, वादळात सापडल्यासारखं वाकलंय.

रस्त्यावर येऊन बसकडे बघणारा माणूस लग्नाला येतो. पण त्याला येण्यासाठी कारण लागतं, आणि ते कारण त्याचं स्वतःचं असावं लागतं. बोलावल्यावर आला तर तो अण्णा कसला. तू आता गप्प राहा, लेबलं छाप.

मला मात्र येता येणार नाही गं. गुडघ्याचं ऑपरेशन तीन जानेवारीला ठरलं, मार्चपर्यंत प्रवास बंद. डॉक्टरांशी भांडून पाहिलं. त्यांनी एक्स-रे दाखवला, मी सही केली. म्हणून तू मला सगळं लिहायचं, पंगतीत काय वाढलं इथपर्यंत. फोटो पाठवून काम उरकू नकोस.

हरिप्रिया


तंजावूर
१८ जानेवारी २०२४

सौ. हरिप्रिया यांस वरुणरावाचा नमस्कार.

हे पत्र मी बोलतोय आणि कॉम्प्युटर लिहितोय. कीर्तनाने ही सोय करून दिली. मला देवनागरी वाचता येत नाही, त्यामुळे त्याने काय लिहिलंय ते आता तुम्हीच बघून घ्या.

वासुकी आणि कीर्तना साड्या घ्यायला कांचीपुरमला गेल्या आहेत. माझ्या डोळ्याचं ऑपरेशन मागच्या आठवड्यात झालं, मोतीबिंदू. आता चोवीस तास काळा चष्मा. पेपर नाही, टीव्ही नाही. नुसतं बसून माणसाने काय करावं? पत्रिका छापून आल्या आहेत, लेबलं लॅपटॉपमध्ये तयार आहेत, वासुकी म्हणाली होती की ती आल्यावर दोघं मिळून छापू. मी ठरवलं, तिला चकित करायचं.

सगळी लेबलं मी छापली! एकट्याने. सुरुवातीलाच प्रिंटरचा दिवा लागला आणि कॉम्प्युटरने विचारलं, रंग संपला आहे, काळ्याने छापू का. मी सरी, बरं, म्हटलं. अक्षरं तर काळीच असतात. पुढे एकदाही अडलं नाही. पाठवणाऱ्याचं लेबल वासुकीने माझ्या नावाचं केलंय, तेही प्रत्येकावर चिकटवलं. कोण आहे फाटकाशी. दोनच पाकीट दूध दे आज. उद्या नको. नाही नाही हे लिहू नको. अय्यय्यो हेपण लिहिलं की काय.

पोंगल झाला, मुहूर्त चांगला, म्हणून ऑटोने जाऊन सगळी पाकिटं पोस्टात टाकली. सीतारामरावांचं, म्हणजे तुमच्या अण्णांचं, सगळ्यात आधी टाकलं. या पत्रासोबत तुमचीही पत्रिका आहेच, लेबल कसं झालंय ते कळवा. तुमच्या गुडघ्याला आराम पडो.

आपला
वरुणराव


सांगली
२२ जानेवारी २०२४

भावोजी,

सकाळपासून तुमचा फोन लावतेय. एंगेज, एंगेज, एंगेज. वासुकीचाही तसाच. आज ना उद्या लागेलच, पण मला धीर नाही, म्हणून हे स्पीड पोस्टने, कोणाकडून तरी वाचून घ्या.

शेजारच्या कोणाला तरी बोलावून ते लेबल दाखवा. चष्मा काढू नका, दुसऱ्याच्या डोळ्यांनी बघा. तो काळा रंग नुसता अक्षरांना लागला नाही. कुंकवाचे चारही कोपरे काळेकुट्ट छापले आहेत!

शुभपत्रिकेच्या कोपऱ्यांना हळद, आणि काळे कोपरे कशाला असतात हे तुम्हाला मी सांगायला नको. असलं पत्र आपल्याकडे घरात नेत नाहीत. तिन्नैवर, म्हणजे इथल्या भाषेत बाहेरच्या ओट्यावर, वाचायचं, फाडायचं आणि आंघोळ करायची. मी सांगलीत इतकी वर्षं काढली, पण अंगातलं तंजावूर जात नाही. एका हातात काठी, दुसऱ्या हातात ते पाकीट, आणि मी दारातच उभी. पाठवणारे वरुणराव, कोपरे काळे. म्हणजे आमची वासुकी गेली! मी सुनेला हाक मारली. सुनेने पाकीट उघडलं तर आत गणपती, सनईचं चित्र आणि "आमची कन्या चि. सौ. कां. कीर्तना". मग तुमचं पत्र वाचलं आणि इतकी हसले की टाके दुखले.

पण भावोजी, मी उघडून पाहिलं. सगळे उघडतीलच असं नाही. आणि तुम्ही सगळ्यात आधी टाकलेलं पाकीट अण्णाचं आहे.

हरिप्रिया


तंजावूर
२८ जानेवारी २०२४

प्रिय हरी,

मी जिवंत आहे हे तुला फोनवर कळलंच, पण तेव्हा घरात इतका गोंधळ होता की दोन वाक्यांपलीकडे बोलता आलं नाही. आता सावकाश लिहिते.

कांचीपुरमहून आले तर हे दारात उभे, काळा चष्मा लावून, चेहऱ्यावर नवरदेवाचा तोरा. "सगळं झालं!" म्हणाले. टेबलावर उरलेलं एक लेबल होतं. ते पाहून मी जी किंचाळले ती शेजारच्या गल्लीत ऐकू गेली म्हणे. सकाळी पोस्टात धावले. पिशव्या रवाना झाल्या होत्या. पोस्टातल्या बाई म्हणाल्या, "आम्हालाही वाटलं, एवढी पत्रं, फारच मोठं माणूस गेलेलं दिसतंय."

मग फोन सुरू झाले. जो तो ह्यांना विचारतो, "कधी झालं? जवळ कोण होतं?" हे बिचारे "चौदा-पंधरा दिवस झाले, आता बरं आहे" असं आपल्या डोळ्याबद्दल सांगतात! शेवटी फोन मी घेतला. त्रिचीहून आमच्या शाळेचे जुने हेडमास्तर व्यंकटरमण सर होते. मी हॅलो म्हणायच्या आत त्यांनी सुरुवात केली. वासुकीबाईंसारखी हिंदी त्या शाळेत कोणी शिकवली नाही, त्यांच्यासारखी शिस्त कोणात नव्हती, आणि आपण त्यांना कधी चांगलं म्हटलं नाही याचं वाईट वाटतं. मी आवाज बारीक करून म्हटलं, "आणखी?" आणखी बरंच होतं. सगळं ऐकून घेतलं, मग सांगितलं की मीच बोलतेय आणि लग्नाला नक्की यायचं. मग म्हणाले, "जेवण कोणत्या पंगतीला?"

शेषगिरी तर कुंभकोणमहून हारच घेऊन आला, मोठ्ठा. तो पिळ्ळैयारला घातला. गणपतीही खूश.

आणि आता अण्णा.

त्या दुपारी मी सांभारात आमसोलं टाकत होते. गल्लीच्या तोंडाशी ओरडणं ऐकू आलं. पुरुषाचं रडणं, मोठ्याने, लाज सोडून. डाव हातात तसाच घेऊन बाहेर आले. अण्णा! ओली वेष्टी अंगाला चिकटलेली, पायात काही नाही, गावाहून तसाच बसमध्ये बसून आलेला. "अगे वासू! मला न सांगतां गेलीस काय गे!" असं म्हणत दोन्ही हात पसरून दाराकडे येतोय आणि दारात मी.

तो थबकला. वरपासून खालपर्यंत त्याने मला पाहिलं. डावातून सांभार ठिबकत होतं.

"मेली नाहींस?" म्हणाला.

मी म्हटलं, "नाहीं रे अण्णा."

"तर मग काळें कां लावलींस?" असा खेकसला की हे आतून धावत आले आणि "मी लावलं, मी लावलं" म्हणून हात जोडून उभे राहिले.

अण्णाने पाकीट उघडलंच नव्हतं. वैनी देवळात गेली होती. ह्यांचं नाव आणि काळे कोपरे पाहिले आणि त्याचा उघडायला हात होईना. पाकीट ओट्यावर दगडाखाली ठेवलं, विहिरीवर घागरभर पाणी डोक्यावर घेतलं आणि निघाला. मी म्हटलं, "आत ये." तर म्हणतो, "सुतकाची आंघोळ करून आलों, आतां मंगलघरांत कसा येऊं?" मी म्हटलं, "सुतक कोणाचं? माझं? मी तर ही इथं उभी!" तो ओट्यावर बसला आणि हसायला लागला. हसता हसता पुन्हा रडला. मग मीही. हे तर चष्म्याच्या आत रडत होते. गल्ली गोळा झाली होती.

हरी, तो आत आला. इतक्या वर्षांनी उंबरा ओलांडताना त्याने उजवा पाय आधी टाकला, नवरीसारखा. सांभार दोनदा मागून घेतलं आणि आमसोल कमी पडलं असंही सांगितलं. संध्याकाळच्या बसने वैनी आली, कोरडे कपडे, पत्रिका आणि सामानाची पेटी घेऊन. पत्रिका तिने उघडून वाचली होती. "आतां लग्न होईस्तोर येथेंच राहतों," असं तिनेच जाहीर केलं. त्याला विचारलंसुद्धा नाही.

उचलण्याविषयी तो अवाक्षर काढत नाही. मीही काढलं नाही. तुझी शप्पथ, नाही काढलं.

तुझी वासुकी


सांगली
३ फेब्रुवारी २०२४

वासुकी,

तुझं पत्र सुनेला वाचून दाखवलं, मग व्यायाम शिकवायला येते त्या मुलीला, मग पुन्हा एकटीने वाचलं. मला सांग, सांगलीत बसून तुमच्या दारात उभं राहायला तुझ्या पत्रापेक्षा चांगला गुडघा कुठला मिळणार?

कोपऱ्यांचा तो रंग मी सुचवला हे अण्णाला सांगू नकोस. किंवा सांग. सांगच! पिवळाच ठेवला असता तर काळ्यात छापूनही फिकट राख दिसली असती आणि कोणाला शंकाही आली नसती. म्हणजे अण्णाला मीच आणला. लग्नात माझ्या वाटणीची जांगिरी, ती आपली जाड जिलबी, काढून ठेव.

उचलण्याचं तू बोलू नकोस आणि दुसऱ्या कोणाला बोलू देऊ नकोस. त्याने उचललं तर उचललं. नाही उचललं तरी तो मांडवात आहे, हे विसरू नकोस.

एक मात्र मला कळत नाही. बाकी सगळ्यांनी फोन केला. हेडमास्तरांनी केला, शेषगिरीनेही हार घेण्याआधी केला असेलच. अण्णाच्या खिशात चांगला मोबाइल असतो, वैनी मला त्यावरूनच फोन करते. मग त्याने का नाही केला? एका फोनवर सगळं उलगडलं असतं. विचार त्याला.

हरिप्रिया


तंजावूर
१५ फेब्रुवारी २०२४

प्रिय हरी,

लग्न झालं! कीर्तना आज कोइंबतूरला गेली. घर रिकामं आहे, मांडवाचे बांबू अजून काढायचे आहेत, आणि मी तुला लिहायला बसलेय.

आधी पंगत, तू सांगितलंस म्हणून. सांभार, दोन पायसम, वडै, चिंचेचा भात, जांगिरी, आणि आपल्यांसाठी म्हणून पुरणपोळी, जी तमिळ मंडळींनीच जास्त खाल्ली. तुझी जांगिरी काढून ठेवली होती. अण्णाने खाल्ली. जाणाऱ्या पाहुण्यांना नारळ-पानांच्या पिशव्या दिल्या, त्यांवरही माझी लेबलं, नवा रंग भरून, कोपरे हळदीचे. काविळीसारखे तर काविळीसारखे. अण्णा आदले दोन दिवस माझ्याशेजारी बसून ती चिकटवत होता, सगळी वाकडी.

माळा घालायची वेळ आली. नवऱ्याकडचा मामा पैलवान गडी, त्याने माप्ळैला, नवऱ्या मुलाला, फुलासारखं खांद्यावर घेतलं. इकडे कीर्तना हातात हार घेऊन उभी. स्टूल कोणीतरी आणून ठेवलं होतं. भटजी थांबले, नादस्वरवाले थांबले. मी पदर तोंडात कोंबून घेतला, खरंच कोंबला, कारण माझ्या तोंडाचा मला भरवसा नाही. रघुराम आपल्या गेलेल्या गुडघ्यांवर तिच्या मागे जाऊन हात पसरून उभा राहिला.

अण्णा पुढे आला. स्टूल पायाने बाजूला सारलं. वेष्टी वर खोचली, कीर्तनाकडे पाहिलं आणि म्हणाला, "ये गे." आणि उचलली, हरी! खांद्यावर! एकदा डुलला, माझा जीव गेला, पण उभा राहिला. नुसता उभा राहिला नाही, नवरा हार घालायला वाकला की हा दोन पावलं मागे जायचा. तीनदा हुलकावणी दिली. सगळा मांडव ओरडत होता. पैलवान मामा घामाघूम झाला आणि माप्ळै वरून म्हणतो, "मामा, विडुंगो, सोडा हो आता!" कीर्तना हसत होती आणि तिचे डोळे वाहत होते आणि हार कोणाच्या गळ्यात पडला ते मला दिसलंच नाही.

जेवण झाल्यावर अण्णा दिसेना. आतल्या खोलीत चटईवर पालथा पडला होता. मी बामाची बाटली घेऊन गेले. त्याचा सदरा वर केला आणि चोळायला लागले. बाहेर भांड्यांचा आवाज चालला होता.

मग तुझा प्रश्न विचारला. "अण्णा, सगळ्यांनी फोन केला. तूं कां नाहीं केलास?"

मग तोंड चटईतच ठेवून म्हणाला, "फोनवर कोणी हो म्हणटलं असतं तर? बसमंदी बसलों होतों तोंवर तरी तू होतीस."

मी बाटली संपेपर्यंत चोळत बसले.

तुझी वासुकी